प्राण्यांची चरबी, जंतू आणि अँटिबायोटिक : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. घरगुती औषधं प्रयोगशाळेत कशी तपासतात हा विषय वर्गात निघाला की मुलं घरी जाऊन बोलतात आणि मग प्रश्न येऊ लागतात. काही पालकांचे असतात, काही शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांचे, काही परभणी-उदगीरकडे पशुवैद्यकीय शिकणाऱ्या मुलांचे. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हे पान उपचार सांगण्यासाठी नाही. जखम चिघळली असेल, लालसर रेघ वर चढत असेल, ताप असेल, तर आधी दवाखाना गाठा आणि पान नंतर वाचा.

नेमकं काय तपासतात?

दोन वेगळे प्रश्न असतात आणि लोक ते एकत्र करतात. पहिला, ही चरबी एकटीच जंतूंची वाढ थांबवते का? दुसरा, ती थोडीशी सोबत असताना एखादं अँटिबायोटिक नेहमीपेक्षा कमी मात्रेत काम करतं का? दुसऱ्याचं उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. औषधाचं बळ वाढतं, घटतं किंवा काहीच फरक पडत नाही. तिन्ही उत्तरं सारख्याच मोलाची आहेत. "फरक पडला नाही" हे लिहायला विद्यार्थी संकोचतात, पण ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयातली मुलं तोच प्रयोग पुन्हा करत बसतात.

आपल्याकडे कोणकोणत्या चरब्या औषध म्हणून वापरतात?

बोकडाची आणि मेंढीची चरबी सगळ्यात जास्त. थंडीत टाचांना भेगा पडल्या, ऊसतोडीला गेलेल्या माणसांचे हात-पाय फुटले की वितळवलेली चरबी रात्री चोळून झोपायचं, हे बीड, धाराशिव, जालना भागात घरोघरी माहीत आहे. कोंबडीची चरबी छातीला, सांध्यांना चोळतात. तूप तर आहेच, तेही प्राण्याचंच स्निग्ध. जुनं तूप करटावर, भाजल्यावर, कान ठणकल्यावर वापरल्याचं ऐकायला मिळतं. याशिवाय घोरपडीचं तेल, मोराची चरबी, जत्रेत बाटलीत मिळणारं सांड्याचं तेल. यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

यादी करताना मी मुलांना एक शिस्त लावते. आजीनं "चरबी लावायचो" एवढं सांगितलं की तिथे थांबायचं नाही. कुठल्या जागेची चरबी (मूत्रपिंडाभोवतीची की कातडीखालची), कशात वितळवली, त्यात हळद, कापूर किंवा मेण घातलं होतं का, गरम लावली की गार, किती दिवस, आणि कशासाठी, हे सगळं लिहून घ्यायचं. नीट विचारलं की बहुतेक वेळा कळतं, चरबी एकटी नव्हतीच, हळद सोबत होती. मग गुण कुणाचा, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. आणि "कशासाठी" हे तर फारच महत्त्वाचं. भेगा मऊ पडणं, सांधा हलका होणं आणि पू जाणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भेगांवर चरबी उपयोगी पडते ती कातडीतलं पाणी उडू देत नाही म्हणून. त्यासाठी तिनं एकही जंतू मारायची गरज नाही.

घोरपडीचं तेल किंवा मोराची चरबी आणून दिली तर तपासाल का?

नाही. आणू नका, विकत घेऊ नका, कुणी "शास्त्रासाठी पाहिजे" म्हणालं तरी देऊ नका.

घोरपड आणि मोर हे दोघेही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्यांत. त्यांची शिकार किंवा त्यांच्या अवयवांचा व्यापार केला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. सांडा हा सरडा मराठवाड्यातला नाहीच. तो कच्छ आणि थरच्या वाळवंटातला, आणि तोही संरक्षित आहे. जत्रेत त्याच्या नावाखाली बाटलीत काय भरलंय हे विकणाऱ्याखेरीज कुणालाच माहीत नसतं. संशोधनासाठीही वन्यप्राण्याचा नमुना घ्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते.

कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच राहील. घोरपड वावरातले उंदीर, किडे, साप आणि पक्ष्यांची अंडी खाऊन जगते. तिची चरबी गुणकारी निघाली असं उद्या कुठे छापून आलं तर आपल्या माळरानावर एकही घोरपड उरणार नाही. आणि त्या चरबीत असतं काय? मुख्यतः तीच मेदाम्लं (चरबी ज्यांची बनते ती आम्लं), जी कोंबडीत आणि बोकडातही असतात, फक्त प्रमाण वेगळं. तपासायचंच असेल तर उस्मानाबादी शेळी आपल्याच भागातली आहे आणि खाटकाकडे तिची चरबी रोज निघते. गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला महाराष्ट्रात बंदी आहे, तेव्हा तो विषय येत नाही.

चरबीनं जंतू मरतात, यात काही शास्त्र आहे का?

आहे, पण लोक समजतात तसं नाही.

चरबी म्हणजे बहुतांश ट्रायग्लिसराइड. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली. या जोडलेल्या अवस्थेत ती जंतूंना जवळजवळ काहीच करत नाहीत. मेदाम्ल सुटं झालं की गोष्ट बदलते. सुटं मेदाम्ल जंतूच्या पेशीपटलात घुसतं, पटल ढिलं करतं, पेशीचा ऊर्जा तयार करण्याचा व्यवहार बिघडवतं. आपल्या त्वचेवरच हे रोज घडतं. तेलग्रंथींतून येणाऱ्या स्रावातली मेदाम्लं सुटी होतात आणि स्टॅफिलोकोकस ऑरिअससारख्या जंतूंना आवरतात. दूध पिणाऱ्या बाळाच्या पोटातही दुधातली चरबी फुटून अशीच मेदाम्लं सुटतात आणि तिथे जंतुरोधक काम करतात.

सगळी मेदाम्लं सारखी नसतात. १२ कार्बनचं लॉरिक आम्ल यात तरबेज, ते खोबरेल तेलात भरपूर असतं. १६ कार्बनचं पामिटोलेइक आम्लही स्टॅफिलोकोकसवर चांगलं चालतं. कोंबडीच्या चरबीत ते काही टक्के असतं. बोकडाच्या आणि मेंढीच्या चरबीत मात्र स्टिअरिक आणि पामिटिक आम्लाचा भरणा जास्त, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव चाऱ्यातली असंतृप्त मेदाम्लं आधीच संतृप्त करून टाकतात. म्हणूनच मेंढीची चरबी वाटीत दगडासारखी थिजते आणि कोंबडीची सैलसर राहते. स्टिअरिक आम्ल जंतूंच्या बाबतीत बरंच निष्क्रिय आहे. त्यामुळे बोकडाच्या चरबीकडून एकटीनं जंतू मारण्याची फार आशा मी धरत नाही.

आणखी एक अडचण आहे. जंतूंचे ढोबळ दोन गट, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. करटातला स्टॅफिलोकोकस पहिल्या गटातला. ई. कोलाय, स्यूडोमोनास, क्लेबसिएला दुसऱ्या गटातले. दुसऱ्या गटाला गढीसारखा बाहेरून आणखी एक तट असतो आणि मेदाम्लं त्या तटावरच अडतात. भाजलेल्या जखमेत स्यूडोमोनास हा नेहमीचा त्रास, आणि नेमक्या तिथेच चरबीवर विसंबणं सगळ्यात धोक्याचं.

मग अँटिबायोटिकसोबत तपासायचं कशासाठी?

कारण बरीच अँटिबायोटिक्स पेशीच्या आत गेल्याशिवाय काम करत नाहीत. जेंटामायसिन, अमिकासिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातली औषधं घ्या. त्यांना आत शिरून रायबोझोम, म्हणजे प्रथिनं बनवणारा पेशीतला भाग, गाठावा लागतो. पेशीपटल थोडं ढिलं झालं तर औषध जास्त शिरेल, असा यामागचा तर्क. दुसरा तर्क पंपांचा आहे. काही प्रतिरोधी जंतू आत आलेलं औषध पंपानं बाहेर फेकतात. पटलात मेदाम्लं घुसली तर पंपाचं काम बिघडू शकतं.

हा खटाटोप का करायचा, हेही विचारलं जातं. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. नवी औषधं फार हळू येतात. असलेल्या औषधांचं बळ टिकवणारा एखादा साथीदार सापडला तर तो हवाच आहे. पण तो साथीदार चरबीच असेल, असं आधीच ठरवून प्रयोगाला बसायचं नाही.

असं काम आधी कुठे झालंय का?

हो. ईशान्य ब्राझीलमध्ये बऱ्यापैकी झालं आहे. सिआरा राज्यातल्या करिरी प्रादेशिक विद्यापीठाच्या लोकांनी तिथल्या लोकवैद्यकातल्या चरब्या तपासल्या. तो प्रदेशही आपल्यासारखाच कोरडा, काटेरी झुडपांचा, दुष्काळाशी झगडणारा. तिथे टेगू नावाच्या मोठ्या सरड्याची चरबी घसा, कान, सांध्यांच्या दुखण्यावर वापरतात. तपासणीत ती एकटी उपचाराच्या दृष्टीनं उपयोगी ठरेल एवढी जंतुनाशक निघाली नाही. अशा इतर चरब्यांच्या अभ्यासांत काही अँटिबायोटिक्ससोबत परिणाम वाढलेला दिसला, तर काहींसोबत उलटा, म्हणजे औषध लुळं पडलेलं दिसलं. हे उलटे निकालही त्यांनी छापले, याचं मला फार अप्रूप आहे.

चरबीचं नसलं तरी जवळचं एक उदाहरण इंग्लंडचं. नॉटिंगहॅम विद्यापीठात २०१५ साली जुन्या इंग्रजीतल्या, सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यकीय हस्तलिखितातलं डोळ्यांचं औषध जसंच्या तसं बनवून पाहिलं. लसूण, त्याच जातीची कांद्यासारखी दुसरी भाजी, वाइन आणि बैलाचं पित्त. मिश्रण नऊ दिवस ठेवायचं, असं त्यात लिहिलेलं. त्या मिश्रणानं मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस मारला. एकेक पदार्थ सुटा घेतला तर तेवढा परिणाम येत नव्हता. वर मी कृती बारकाईनं लिहून घ्यायला सांगते ती याचसाठी. "त्यात पित्त होतं" एवढीच नोंद कुणी करून ठेवली असती तर हाती काहीच लागलं नसतं.

प्रत्यक्ष चाचणी कशी करतात?

आधी चरबी. ताजी, कुठल्या जनावराची, कुठल्या वयाची, कुठून आणली, याची नोंद करायची. रक्त-मांसाचे तुकडे काढून ती वितळवायची किंवा सॉक्स्लेट यंत्रात हेक्झेन या विद्रावकानं काढायची आणि हेक्झेन पूर्ण उडवून द्यायचं. थोडा नमुना गॅस क्रोमॅटोग्राफीला पाठवायचा, म्हणजे त्यात कोणती मेदाम्लं किती हे कळतं. आपल्या छोट्या महाविद्यालयांत हे यंत्र नसतं, पण विद्यापीठाच्या विभागात सोय होऊ शकते. ही पायरी गाळलेला प्रबंध मी स्वीकारत नाही. "बोकडाची चरबी" हे काही रसायनाचं नाव नाही. पावसाळ्यात हिरवा पाला खाल्लेल्या आणि उन्हाळ्यात कडब्यावर राहिलेल्या शेळीची चरबी एकसारखी येत नाही.

मग ९६ खळग्यांची प्लेट. तळहाताएवढी प्लास्टिकची तबकडी, बोटाचं टोक मावेल न मावेल एवढे खळगे, ८ ओळी आणि १२ स्तंभ. प्रत्येकात म्युलर-हिंटन द्रव, म्हणजे जंतूंचं खाद्य. आडव्या दिशेनं अँटिबायोटिक निम्मं-निम्मं करत नेतात, उभ्या दिशेनं चरबी. जंतूंचं प्रमाण ठरलेलं आहे, शेवटी प्रत्येक मिलिलिटरमध्ये सुमारे ५ लाख. प्लेट ३५ अंशांच्या आसपास १६ ते २० तास ठेवायची.

इथपर्यंत पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते हे की चरबी पाण्यात विरघळत नाही. डायमिथाइल सल्फॉक्साइड या विद्रावकात घोळून, तेल-पाणी एकत्र धरणारं ट्वीन ८० टाकून हलवली तरी थोड्या वेळानं खळग्याच्या कडेला तिची पांढुरकी रिंग धरते, वर तवंग येतो आणि सगळं गढूळ दिसतं. जंतू वाढले म्हणून गढूळ की चरबीमुळे गढूळ, डोळ्यांना कळत नाही. म्हणून शेवटी रेझाझुरिन घालतात. हा निळा रंग, जिवंत जंतू असले की गुलाबी होतो. निळं राहिलेलं खळगं म्हणजे वाढ थांबलेली. तरीही मी निळ्या खळग्यातला एक थेंब घेऊन आगर प्लेटवर (जंतू वाढवायच्या घट्ट जेलीवर) पसरायला लावते, कारण चरबीचा थर कधी रंगालाच जंतूंपर्यंत पोचू देत नाही. सकाळी त्या आगरवर वाढ उमटली की आदल्या दिवशीचा आनंद मावळतो, पण चुकीचा निकाल छापला जाण्यापेक्षा ते बरं.

नियंत्रणं, म्हणजे कंट्रोल, याबाबत तडजोड नाही. नुसते जंतू, नुसता द्रव, जंतूंविना चरबी (चरबीच दूषित असेल तर इथे कळतं), नुसतं ट्वीन आणि डायमिथाइल सल्फॉक्साइड त्याच प्रमाणात जंतूंसोबत. शेवटचं सगळ्यात जास्त गाळलं जातं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ट्वीन ८० स्वतः कोलिस्टिनसारख्या अँटिबायोटिकचा आकडा, म्हणजे वाढ थांबवायला लागणारी कमीत कमी मात्रा, खाली आणतं, हे नीट माहीत असलेलं सत्य आहे. ते नियंत्रण नसेल तर श्रेय चरबीला जाईल आणि काम ट्वीननं केलेलं असेल. शिवाय जोडीला ओळखीचा प्रमाण जंतू हवा, स्टॅफिलोकोकस ऑरिअस एटीसीसी (अमेरिकेतला जंतुसंग्रह) २९२१३ किंवा ई. कोलाय एटीसीसी २५९२२, म्हणजे आपलं अँटिबायोटिक अजून जिवंत आहे की कपाटात मेलंय हे समजतं.

आगर प्लेटवर कागदाची चकती ठेवून, भोवतीचं वर्तुळ मोजून का नाही करत? ते सोपं आहे.

सोपं आहे, पण चरबीसाठी निरुपयोगी. ते वर्तुळ औषध आगरमध्ये पसरल्यामुळे येतं. आगर म्हणजे मुख्यतः पाणी, चरबी त्यात पसरतच नाही. वर्तुळ आलं नाही याचा अर्थ चरबी निष्प्रभ आहे असा होत नाही, ती चकतीतच बसून राहिली एवढाच होतो.

"सहकार्य आढळले" असं लिहायचं तर किती फरक हवा?

उदाहरणानं सांगते, आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. जेंटामायसिन एकटं ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला वाढ थांबवतं. चरबीसोबत २ ला थांबवतं. म्हणजे २ भागिले ८, ०.२५. चरबी एकटी १०२४ ला, औषधासोबत १२८ ला, म्हणजे ०.१२५. बेरीज ०.३७५. ही बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तर सहकार्य म्हणतात. ४ च्या वर गेली तर विरोध. मधलं सगळं "विशेष नाही".

दोन सापळे आहेत. या चाचणीत एका खळग्याचा फरक, म्हणजे दुप्पट किंवा निम्मं, हा नुसत्या हाताच्या फरकानंही येतो. ८ चे ४ झाले म्हणून पेढे वाटू नयेत. दुसरं, चरबी एकटी १०२४ लाही वाढ थांबवत नसेल तर तिचा स्वतःचा आकडाच नाही, मग बेरीज कशाची करणार? अशा वेळी चरबी ठरावीक कमी मात्रेत ठेवून औषधाचा आकडा किती पट बदलला एवढंच प्रामाणिकपणे लिहावं. आणि हे वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या जनावराच्या चरबीवर पुन्हा करावं. एकाच प्लेटवरची तीन खळगी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तिन्हीत एकच आकडा आला की संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर भलतंच ठाम उत्तर देतं आणि मुलांना वाटतं, सिद्ध झालं.

प्लेटमध्ये चाललं तर माणसावर चालेल ना?

नाही, तसं म्हणता येत नाही. प्लेटमध्ये रक्त नाही, पू नाही, पांढऱ्या पेशी नाहीत. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मेदाम्लांना धरून ठेवतं आणि त्यांचा जोर काढून घेतं. शिवाय जी मात्रा जंतूंना मारते ती माणसाच्या पेशींनाही मारत असेल. जंतूचं पटल ढिलं करणाऱ्याला आपलं पटल परकं नाही. म्हणून पुढची पायरी माणसाच्या पेशींवरची विषारीपणाची चाचणी, मग नैतिक समितीच्या परवानगीनं प्राण्यांवर, आणि खूप पुढे, २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार, माणसांवर. महाविद्यालयातला प्रकल्प पहिल्या पायरीवर असतो. तिथेच उभा राहून "रामबाण" म्हणायचं नाही.

चरबीमुळे औषधाचं बळ घटूही शकतं का?

शकतं. डॅप्टोमायसिन हे औषध फुप्फुसातल्या स्निग्ध थरात अडकून निष्प्रभ होतं, म्हणून न्यूमोनियाला ते देतच नाहीत. हे दवाखान्यात शिकवलं जाणारं उदाहरण आहे. डॉक्टरांनी दिलेल्या मलमाखाली किंवा मलमावर तूप-चरबी चोळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मलमातही व्हॅसलीन किंवा लोकरीतून काढलेलं लॅनोलिन हे स्निग्ध असतंच, पण औषध त्यातून किती आणि कसं सुटेल हे मोजून ते बनवलेलं असतं. वरून आपली भर घातली की ते मोजमाप बिघडतं.

मग जखमेवर लावायचं की नाही?

न फुटलेल्या कोरड्या टाचांना, राठ हातांना चरबी किंवा तूप लावण्यात वाईट काही नाही. रक्त येणाऱ्या खोल भेगेवर, खिळा किंवा काटा रुतलेल्या जागी, चावलेल्या जागी, पू धरलेल्या करटावर, फुटलेल्या कानात नको. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या कुठल्याच जखमेवर नको. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू चरबी कढवली तरी मरत नाहीत, आणि हवा न पोचणारी, वरून चरबीनं बंद केलेली खोल जखम म्हणजे त्यांना हवं तेच.

नाळेबद्दल विशेष कळकळीनं लिहिते. पाकिस्तानातल्या पंजाबात झालेल्या अभ्यासांत बाळाच्या नाळेवर तूप लावण्याची रीत आणि नवजात बाळाचा धनुर्वात यांचा संबंध दिसला होता. भारतातून बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात उच्चाटनाच्या पातळीवर आल्याचं २०१५ साली मान्य झालं, ते लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे. नाळ कोरडी, उघडी ठेवा. काही लावू नका, माय-आजी कितीही म्हणाल्या तरी.

भाजल्यावर तूप नको. आधी २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. चरबीचा थर आतली आग आतच कोंडतो, आणि दवाखान्यात तो खरवडून काढताना लेकराचे हाल होतात.

गजकर्ण, नायटा ही बुरशी आहे. तिथे अँटिबायोटिकचाही उपयोग नाही, तेव्हा या चाचण्यांचा तिच्याशी संबंध नाही.

पोळ्याला बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतो. त्याचा काही फायदा?

खांदेमळणी मला फार प्रिय आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैल धुऊन, खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद चोळून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं. त्या निमित्तानं वर्षभर जू वाहिलेला खांदा धनी स्वतःच्या हातानं चाचपून पाहतो. कुठे सूज आहे, कुठे कातडी पातळ झाली, गाठ आहे का, हे तेव्हाच कळतं. घट्ट पडलेली कातडी मऊ होते. एवढा फायदा नक्की आहे, आणि त्याला जंतुनाशकपणाचं प्रमाणपत्र लागत नाही. खांदा सुजून पाणी धरलं असेल किंवा फुटला असेल तर मात्र जू उतरवा आणि पशुवैद्यकांना दाखवा. स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक टोचू नका. कोलिस्टिनच्या जनावरांतल्या वापरावर २०१९ पासून देशात बंदी आहे. आणि दुभत्या जनावराला कुठलंही अँटिबायोटिक दिलं तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नका.

आयुर्वेदात चरबी सांगितली आहे ना?

सांगितली आहे. घृत, तैल, वसा आणि मज्जा हे चार स्नेह. वसा म्हणजे चरबी. तूप पाण्यानं शंभर वेळा धुऊन केलेलं शतधौत घृत आजही वापरात आहे. पण ग्रंथात असणं आणि अमुक जंतूवर, अमुक मात्रेत परिणाम होणं ही वेगळी विधानं आहेत. पहिलं आदरानं नोंदवावं, दुसरं प्लेटवर पाहावं.

जुनी चरबी जास्त गुणकारी असते म्हणतात. खरं का?

प्रश्न चांगला आहे, आणि मला वाटतं त्यात तपासण्यासारखं काहीतरी आहे. चरबी खवट होते तेव्हा ट्रायग्लिसराइड फुटून सुटी मेदाम्लं वाढतात, आणि वर पाहिलं तसं काम सुट्यांचंच असतं. म्हणजे जुन्या चरबीचा आकडा ताजीपेक्षा बरा येऊ शकतो. पण त्याच वेळी हवेमुळे पेरॉक्साइडसारखी द्रव्यंही तयार होतात. ती जंतूंना मारतात आणि कातडीलाही चुरचुरवतात. त्यामुळे ताजी, महिन्याची आणि वर्षाची चरबी शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येकीचं आम्लमूल्य (सुटी मेदाम्लं किती) आणि पेरॉक्साइडमूल्य (पेरॉक्साइडं किती) काढून मगच प्लेट लावावी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हाच विषय सुचवते. खर्च कमी, आणि उत्तर काहीही आलं तरी छापण्याजोगं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करता येईल का?

जंतूंचा भाग नको. रोगजंतू वाढवायला सुरक्षित कक्ष, प्रशिक्षित शिक्षक आणि १२१ अंशांवर १५ मिनिटं वाफ देणारा ऑटोक्लेव्ह लागतो. घरच्या फ्रीजमध्ये आगर प्लेट ठेवल्याचे फोटो मुलं दाखवतात तेव्हा पोटात गोळा येतो. चरबीचं रसायन मात्र खुशाल करा. वेगवेगळ्या चरब्यांचा वितळबिंदू, कोंबडीची सैल आणि मेंढीची घट्ट का, साबण कसा होतो, ताज्या आणि खवट चरबीचं आम्लमूल्य. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून रीती लिहून घेणं तर नक्कीच, ते काम शाळकरी पोरांइतकं छान कुणालाच जमत नाही.

आमच्या आजोबांनी सांगितलेलं औषध तुम्ही तपासलंत तर त्यावर हक्क कुणाचा?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो आधीच विचारावा, नमुना दिल्यावर नाही. हळदीनं जखम बरी होते यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांचे दाखले लढवून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. लिहिलेला दाखला होता म्हणून जिंकलो. तोंडी चालत आलेल्या, धनगरवाड्यावर किंवा वैदूंच्या पालावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचा असा दाखला नसतो. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावात ती आहे का, ग्रामसेवकांना विचारा, आणि नुसती कागदावर असेल तर ग्रामसभेत विषय काढा. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यानं सांगणाऱ्याची संमती मराठीत लिहून, वाचून दाखवून घ्यायची असते. नाव छापायचं की नाही हे सांगणाऱ्यानं ठरवायचं, आणि निकाल आला की तो परत जाऊन त्याच ओट्यावर सांगायचा, "आजोबा, चरबीनं काही झालं नाही" असा असला तरी.